माळावरचा माळकरी

आमच्या दिंडीला यंदा शंभर वर्षे पूर्ण झाली. शके १८४७, म्हणजे सन १९२५ च्या आषाढीला गावची माणसं पहिल्यांदा दिंडी म्हणून एकत्र चालली. एक वीणा, एक पखवाज, टाळांच्या थोड्या जोड्या आणि सामानाला एक बैलगाडी, एवढाच तेव्हाचा सरंजाम. दिंडीचे विणेकरी, कीर्तनकार, अन्नदाते यांची माहिती या स्मरणिकेत इतरत्र आली आहे. या लेखात आम्ही अशा एका माणसाविषयी लिहितो आहोत, ज्यांनी कधी कीर्तन केलं नाही, वीणा गळ्यात घेतली नाही आणि दिंडीच्या फलकावरही ज्यांचं नाव कधी आलं नाही. ते शेतकरी होते आणि प्रपंची माळकरी होते. सारं गाव त्यांना आबा म्हणे. ते चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारले. त्यांचं पूर्ण नाव आम्ही देत नाही, कारण त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. "नाव छापायचं तर त्येचं छापा. माझं सातबाऱ्यावर हाय, तेवढं बास."

आबांच्या आयुष्यात चमत्कार नाही. परंतु आमच्या दिंडीच्या शंभर वर्षांपैकी ऐंशीच्या वर वर्षे त्यांनी पाहिली. दुष्काळ, कायदे, संप, साथी या सगळ्यांतून एका शेतकऱ्याने वारी कशी सांभाळली आणि वारीने त्याला कसं सांभाळलं, हा आमच्या मते दिंडीच्या इतिहासाचाच भाग आहे.

माळ आणि माळ

आमचं गाव माणदेशातलं. एका बाजूला शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव, दुसऱ्या बाजूला गोंदवले, आणि मध्ये मैलोन्‌मैल उघडा माळ. पाऊस आला तर आला. खरिपाला बाजरी, मटकी, हुलगा, रब्बीला शाळू, आणि माळावर मेंढरं. अशा मुलखात आबांचा जन्म १९२८ सालचा. त्यांच्या आई सांगायच्या, "मिठाच्या सत्याग्रहाच्या आदी दोन वरसं." शाळा तीन यत्ता. बाकीचं वाचन त्यांना ज्ञानेश्वरीच्या पारायणांनी शिकवलं. एकेक ओवी बोट ठेवून वाचायचे. म्हातारपणीसुद्धा ते बोट सुटलं नाही.

पहिली वारी त्यांनी १९३९ साली, अकराव्या वर्षी, वडिलांच्या मागे चालत केली. तेव्हा गावातून आळंदीलाही पायीच जायचं: फलटण, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड, पुणे, आणि मग त्याच वाटेने माउलींबरोबर उलट यायचं. पाठीला पडशी, तिच्यात भाकरी, चटणी, एक धोतर. पटकीची भीती मोठी. सुई टोचून घेतल्याशिवाय यात्रेला सोडत नसत, आणि सुईच्या तापाने दोन दिवस अंग फणफणायचं, असं आबा सांगत.

१९४४ साली सोळाव्या वर्षी आळंदीला त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आली. माळ घातली म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मांसमद्य वर्ज्य, महिन्याच्या दोन्ही एकादश्या, रोजचा हरिपाठ आणि वर्षाची वारी. पण मेंढरं राखणाऱ्या घरात, जिथे गावच्या जत्रेला बकरं पडायचंच, तिथे पोरसवदा वयात हे पाळणं सोपं नव्हतं. आबांनी घरात कुणावर सक्ती केली नाही. जत्रेच्या दिवशी ते दहीभाकरी बांधून रानात जात आणि दिवेलागणीला परत येत. धाकटा भाऊ तर बकऱ्याचा आणि तमाशाचा शौकीन. दोघं भाऊ शेवटपर्यंत एकाच घरात राहिले आणि या गोष्टीवरून त्यांच्यात भांडण झाल्याचं कुणाला आठवत नाही.

पेरणी की वारी

शेतकऱ्याच्या वारीत एक पेच आहे. ज्याला रान नाही त्याला तो कळायचा नाही. माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. तो काळ मृग-आर्द्राचा, पेरणीचा. ज्या वर्षी अधिक महिना पडतो त्या वर्षी आषाढी लांबते, पेरून निघता येतं. एरवी नेमकं निघायच्या आठवड्यातच आभाळ भरून येतं. मग बाजरीच्या चाड्यावर मूठ धरायची, की टाळ घ्यायचा? आमच्या माळावर ओल दोन-चार दिवस टिकते. वाफसा गेला की गेला. पेरणी चुकली तर वर्ष गेलं, वारी चुकली तर नेम गेला.

आबांचा हिशोब ठरलेला असे. रोहिणीतच रान कुळवून तयार. पाभर जोडून, दोऱ्या बदलून, बी निवडून मडक्यात भरून ठेवायचं. मृग पडला तर पेरून निघायचं. नाही पडला तर बैल, पाभर आणि मडकं भावाच्या हवाली करून निघायचं. मागे वळून पाहायचं नाही. गावात तेव्हा सावड होती, इर्जिक होती. वारीला गेलेल्याचं रान पडीक राहू नये म्हणून शेजारी एक दिवस आपली अवतं त्याच्या रानात घालत. त्या दिवशीचं जेवण त्या घरच्या बाईने करायचं, बाकी देणंघेणं काही नाही. आमच्या दिंडीतली निम्मी माणसं तरी अशा इर्जिकीच्या बळावर चालत होती. हे कुठल्या वहीत लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

आबांची खरी ओळख मात्र निघण्यात नव्हती, परतण्यात होती. गोपाळपूरला काला झाला की बहुतेकांना घराची ओढ लागते. एसटी सुरू झाल्यावर तर काल्याच्या संध्याकाळी पंढरपूरचा स्टँड माणसांनी फुलून जायचा. आबा मात्र पिलीव-म्हसवडच्या रस्त्याने पायीच परत यायचे. वाटेत कुणाची बाजरी किती वर आली, कुठे दुबार पेरणी झाली, कुठे ओढ्याला पाणी आलं, हे बघत यायचे. "जाताना द्येव बघायचा, येताना रान बघायचं," असं म्हणायचे.

घरी परतलेल्या वारकऱ्याच्या पाया पडायची आपल्याकडे रीत आहे. लहानथोर सगळे पडतात. आबांच्याही पडत. पण ते वेशीतून थेट घरी जात नसत. आधी रानात जात. आमच्याकडे बेंदूर आषाढी पौर्णिमेच्या सुमारास येतो, म्हणजे काल्याला थांबणाऱ्या वारकऱ्याचा बेंदूर दरवर्षी चुकतोच. म्हणून आबा आधी बैलांच्या कपाळाला बुक्का लावत. मग पाभरीमागे राहिलेल्या धाकट्या भावाला बांधावर गाठून त्याच्या पाया पडत. भाऊ ओशाळायचा, पाय मागे घ्यायचा, कधीकधी चिडायचासुद्धा. आबा म्हणत, "तू पेरलंस म्हणून म्या चाललो. अर्धी वारी तुजी हाय."

आम्ही लहानपणी हे अनेकदा पाहिलं. तेव्हा ती गंमत वाटे. आज वाटतं, सगळ्या आयुष्याचं सार त्या बांधावर होतं.

पंगत

सन १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केलं आणि विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या भाविकांना खुलं झालं. त्या आषाढीला आबा एकोणीस वर्षांचे होते, नुकतंच लग्न झालेलं. देवळाचं दार उघडलं म्हणून पंगतीची रेघ लगेच पुसली गेली असं नाही. गावोगाव जेवणाच्या पंगती पुढेही काही वर्षे वेगळ्या बसत होत्या. आमच्या गावचं चित्र निराळं नव्हतं.

पुढे मुक्कामी स्वयंपाकाची देखरेख आबांकडे आली. वाढपं झाल्यावर ते स्वतःचं ताट घेऊन दूरच्या पंगतीत जाऊन बसू लागले. कुणाला काही बोलले नाहीत, कुणाला बोलावलं नाही. पहिल्या वर्षी कुजबुज झाली. दुसऱ्या वर्षी दोघं-तिघं त्यांच्या मागे गेले. तीन-चार वाऱ्यांत पंगत एक झाली. चोखोबांच्या नावाने गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा उभी केली, ते काम मोठं. आबांनी फक्त ताट उचललं. पण आमच्या तळावर रेघ पुसली गेली ती त्या ताटाने.

कुळाची जमीन

आबांच्या वडिलांची स्वतःची जमीन थोडी. कसत होते ती बरीचशी दुसऱ्याची, कुळाने. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन. कसेल त्याची जमीन झाली. ज्यांचं रान आबा कसत होते ते मालक शहरात राहणारे, वयस्क, स्वभावाने चांगले. कायद्याने ठरवलेली किंमत हप्त्यांनी भरायची होती.

गावात तेव्हा दोन तऱ्हा झाल्या. काही मालकांनी कुळांना आधीच हुसकून लावलं. काही कुळांनी जमीन नावावर झाली तसा मालकाचा रस्ताच सोडला. आबांनी जमीन घेतली, कारण घाम त्यांचा होता आणि हक्कही. पण एकही हप्ता चुकवला नाही, आणि पौषात शाळू हुरड्यावर आला की पहिली कणसं फडक्यात बांधून मालकांच्या घरी स्वतः नेऊन देत राहिले. लोक हसायचे. आता कसला खंड देतोस, म्हणायचे. आबांचं उत्तर, "खंड न्हाय. वळख हाय." मालक वारले तोवर, चौदा-पंधरा वर्षे, हा परिपाठ चालला.

माळकऱ्याची भक्ती देवळात दिसते हे खरं, पण ती जास्त खरी दिसते व्यवहारात. काटा कसा धरतो, बांध कोरतो की राखतो, दिलेला शब्द किती दिवस पाळतो. तुकोबांनीही आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, ती गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो. आबांनी ऐकलं आणि आपल्या बेताने केलं.

बहात्तरचा दुष्काळ

१९७२ साली पाऊस गेला तो गेलाच. त्याआधीची वर्षंही ओढीचीच होती. विहिरीत बादली टाकली तर खडखड वाजायची. गावातल्या निम्म्या घरांना कुलपं. जी माणसं राहिली ती दुष्काळी कामावर. खडी फोडायची, नाला बांधायचा, पाझर तलावाची माती वाहायची. कामावर सुकडी मिळे. रेशनला परदेशातून आलेला लाल मिलो. अमेरिकेच्या सपाट माळावर पिकलेला तो दाणा आमच्या माळावरची माणसं दगडाच्या जात्यावर दळून खात होती. त्याची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. पण आबा तिच्यापुढेही हात जोडायचे. म्हणायचे, "कुनीतरी शेतकऱ्यानंच पिकवली आसंल." त्या कामांतूनच पुढे महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. आमच्या गावच्या शिवारातला तलाव त्या काळचा. आज त्यात पाणी बघताना ती खडी आठवावी.

१९७३ ची आषाढी जवळ आली. दुष्काळ अजून उठला नव्हता. घरात खाणारी नऊ तोंडं. आबांचं नाव मस्टरवर. खाडा झाला की मजुरी गेली. बैल छावणीत, त्यांच्याकडे बघायला माणूस हवा. आणि आभाळ हललं, तर पहिल्या वाफशाला पाभर चालायलाच हवी होती. त्या वर्षी दुसरी संधी मिळणार नव्हती. भाऊ पोटासाठी मुंबईला गेलेला. चौतीस वर्षांत न मोडलेला नेम मोडायची वेळ आली.

दिंडीतल्या जाणत्यांनी सांगितलं, चला, देव बघून घेईल. आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी माईंना, म्हणजे आपल्या मंडळींना, सांगितलं, "यंदा तू जा." लग्नाला सव्वीस वर्षे झाली होती, आणि माईंनी तोवर पंढरपूर पाहिलं होतं ते एकदा, लग्नानंतर, बैलगाडीतून. दरवर्षी आबा निघाले की मागे चूल, गुरं, पोरं, सासू, आजारपण हे सगळं त्याच बघायच्या. माईंनी शेजारणीचं तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलं आणि आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालल्या. इकडे आबा सकाळी खडी फोडायचे आणि संध्याकाळी मिलो दळायचे. सुनेचा हात घरात यायला अजून अवकाश होता, म्हणून भाकरीही थापायचे. त्यांच्या भाकरीवरून पोरांनी बापाची केलेली चेष्टा अजून त्या घरात सांगतात.

पाऊस आला. आबांनी पेरलं. माई पौर्णिमेचा काला करून परतल्या तेव्हा बाजरी बोटभर वर आली होती. वेशीत सारं गाव बघत असताना आबा माईंच्या पाया पडले. १९७३ साली आमच्या गावात नवऱ्याने बायकोच्या पाया पडणं ही लहान गोष्ट नव्हती. माई लाजून पदर तोंडावर घेऊन उभ्या राहिल्या. मग दोघंही रानात गेले.

लोक पुढे विचारत, "आबा, त्या साली वारी चुकली न्हवं?" ते म्हणत, "चुकली कशी? घरातनं गेली की." त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी माई चालल्या आणि आबा थांबले. कधी भाऊ परतल्यावर दोघं मिळून गेले.

घर

आबांना तीन मुलं आणि एक मुलगी. अजून एक मुलगा होता, तो दोन वर्षांचा असताना तापाने गेला. त्याचं नाव आबा कधी घेत नसत, पण एकादशीच्या फराळातला एक घास बाजूला काढून ठेवत. का, ते माईंनाच ठाऊक.

थोरला मुंबईला लालबागला गिरणीत लागला. साताऱ्याकडच्या किती घरांची चूल त्या भोंग्यावर पेटत होती, ते नव्या पिढीला सांगावं लागतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि थोरल्याची गिरणी पुन्हा धडपणे चाललीच नाही. वर्ष-दीड वर्ष वाट बघून तो बायकामुलं घेऊन गावी आला. आला तो मोडूनच. हाताला काम नाही, रानाची सवय सुटलेली, आणि दारू लागलेली.

माळकऱ्याच्या घरात दारू. गावाला बोलायला विषय मिळाला. दिंडीतल्याही एक-दोघांनी सुचवलं, घराबाहेर काढा, अद्दल घडेल. आबांनी ते ऐकलं नाही, पण पोराला उपदेशही केला नाही. विहिरीला तेव्हा वीज आली होती, आणि ती रात्रीचीच यायची. आबांनी रात्रीच्या पाण्याची पाळी थोरल्याला दिली आणि स्वतः त्याच्याबरोबर बांधावर बसू लागले. बाप दारे धरायचा, लेक मोटर बघायचा. रात्रीच्या दोन-तीन वाजेपर्यंत दोघंच. काय बोलत होते ते कुणाला माहीत नाही. दारू सुटली, पण एकदम नाही. दोनदा सुटून परत लागली. तिसऱ्यांदा सुटली ती सुटली. थोरल्याने पुढे माळ घातली. दिंडीच्या स्वयंपाकाचा भार आज तेच वाहतात, आणि ही हकिगत लिहायला त्यांनीच आम्हांला सांगितलं. ज्या घरात आज असं दुःख आहे, त्या घराला थोडा धीर यावा, एवढीच त्यांची इच्छा.

१९९६ साली आबांनी वाटण्या केल्या. माळरान तिघांत सारखं. विहिरीकाठची जिराईत-बागाईत पट्टी मात्र भांडणाची होती. आबांनी मुलीलाही बोलावून घेतलं, चौघांसमोर पट्टीचे तुकडे दोरीने मोजले आणि म्हणाले, आधी धाकट्याने निवडावं, थोरल्याने शेवटी. पाण्याच्या पाळ्या चुन्याने भिंतीवर लिहिल्या. ती भिंत पडली, घर नवं झालं, पण पाळ्या त्याच चालू आहेत.

चालणं थांबलं तेव्हा

२००९ ची वारी ही आबांची शेवटची पायी वारी, वय एक्याऐंशी. कुणी विचारलं, किती वाऱ्या झाल्या, तर म्हणत, "आरं, पेरण्या मोजल्यास का कवा?" पुढची चार वर्षे ते दिंडीच्या ट्रकमधून आले. ट्रकमध्ये बसायचं त्यांना जड गेलं. पण मुक्कामी उतरून ते भाजी निवडत, लसूण सोलत. माई २०११ साली गेल्या. त्यानंतर आबा जास्तच गप्प झाले.

२०१४ पासून नातू त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून शिंगणापूरच्या घाटाने नातेपुत्यास नेई. पालखी यायच्या आधी ते रस्त्याच्या कडेला उभे राहत. रथ गेला, दिंड्या गेल्या, आपली दिंडी आली की एकेकाच्या तोंडाकडे बघत. नवं पोर दिसलं की विचारत, "तुजं रान कोन बघतंय रं?" कुणी म्हणे वडील, कुणी बायको. कुणी म्हणे, रान विकलं. मग आबा नुसती मान हलवत.

२०२० साली करोनाच्या साथीत पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. दिंडीतली जुनी माणसं रडली. आम्ही आबांकडे गेलो. त्यांना वाईट वाटत असेल, समजूत घालावी म्हणून गेलो. ते अंगणात तुळशीपाशी बसून हरिपाठ म्हणत होते. म्हणाले, "म्या चालत हुतो तवा माई निम्मी हयात आशीच हितं बसून वारी करत हुती. आता सगळ्यांस्नी कळंल."

त्या एका वाक्यात आम्हांला आमच्या दिंडीच्या इतिहासातली मोठी उणीव भरून आल्यासारखी वाटली.

आबा २०२२ च्या माघात गेले. शाळू कापणीला आला होता. दोन वर्षांच्या खंडानंतर त्या आषाढीला वारी पुन्हा पायी निघाली, ती त्यांनी पाहिली नाही.

दिंडीने काय घ्यावं

आपल्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, सुमारे १८३२ च्या काळात. ते आपल्याच सातारा भागातले. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे, तंबू, शिस्त, दिंड्यांचे क्रम या सगळ्यांतून एवढा मोठा सोहळा चालतो. पण हा सोहळा संन्याशांचा नाही. यात चालणारा बहुतेक माणूस घरदार असलेला, आणि परत जाणारा आहे. वारी या शब्दातच येरझार आहे. जो जातो आणि येतो, पुन्हा जातो आणि पुन्हा येतो, तो वारकरी. नुसता जाणारा तर यात्रेकरू.

अरणच्या सावता महाराजांची परंपरा हेच सांगते. ते मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत. देवच मळ्यात आला, अशी श्रद्धा आहे. म्हणून त्यांच्या पुण्यतिथीला पंढरपूरहून विठ्ठलाची पालखी अरणला जाते. जो कामात राहिला त्याच्याकडे देवाने यावं, ही गोष्ट आपल्या संप्रदायात सातशे वर्षे मानलेली आहे. आबा सावतोबांसारखे मळ्यात थांबले नाहीत, ते चालले. पण ज्यांच्यामुळे चालले त्यांच्या पाया पडायला विसरले नाहीत.

आज परिस्थिती बदलली आहे. पेरणी ट्रॅक्टरने एका दिवसात होते, पण इर्जिक गेली. मुलं पुण्यात चाकणला, हिंजवडीला. रानात म्हातारा-म्हातारी दोघंच. भाव पडला, पाऊस फिरला, कर्ज झालं की तो शेतकरी अगदी एकटा पडतो. अशा एकट्या पडलेल्या माणसांच्या बातम्या आपण रोज वाचतो. गळ्यात माळ असलेल्या घरांतही त्या झाल्या आहेत. दिंडीला वर्षातून वीस दिवस टाळ वाजवून भागणार नाही. ज्याचं रान मागे अडलं आहे त्याच्या बांधावर बाकीच्यांनी जावं, हीही वारीच आहे.

म्हणून शताब्दीच्या बैठकीत दोन गोष्टी ठरल्या. एक, दिंडीत चालणाऱ्या ज्या शेतकऱ्याची पेरणी राहिली असेल, त्याच्या रानात गावात थांबलेल्यांनी एक दिवस इर्जिक घालायची, ट्रॅक्टरचं डिझेल दिंडीच्या भिशीतून. दुसरी, या स्मरणिकेच्या शेवटी वारकऱ्यांची जी यादी छापली आहे, तिच्यात प्रत्येक नावासमोर त्या वर्षी घर आणि रान सांभाळायला मागे राहिलेल्या माणसाचंही नाव आहे. पुष्कळ ठिकाणी ते नाव बाईचं आहे. वाचताना दोन्ही नावं वाचावीत, ही विनंती.

आबांच्या घराने त्यांचं नाव द्यायला नकारच दिला. माईंचं मात्र दिलं आहे.

रामकृष्णहरि.